खरवड

शुक्रवारी सकाळी ओटा माझा नसतो,
ह्यांचा असतो.
चौदा वर्षं बोटीच्या भटारखान्यात काढलेला माणूस,
घरातल्या सुरीलाही दोनदा धार लावतो,
आणि भद्रकालीतून आणलेल्या माशाकडे असं बघतो
जणू तो न सांगता रजेवर होता.

मासा कुठला, तर गंगापूर धरणातला.
कटला, दीड किलो, कल्ले लाल.
"गोड्या पाण्यातला आहे, समुद्र आपण घालायचा,"
म्हणत मीठ चोळतात, लिंबू, ठेचलेला लसूण,
आणि कुंडीतली ओव्याची पानं.
शरणपूर रोडला पिझ्झाबरोबर फुकट येणाऱ्या पुड्या
मी साठवल्या होत्या डबीभर,
त्या हुंगून त्यांनी बाजूला ठेवल्या. नुसतं गवत, म्हणाले.

आधी तळायचा, मग नारळाच्या दुधात सोडायचा.
तळलेला मासा परत भिजवायचा?
मी पहिल्यांदा कपाळाला हात लावला.
ते म्हणाले, समानाला असाच करतात,
आल्ताग्रासिया असाच करायची.

हे नाव आमच्या घरी दहा वर्षं राहत होतं,
भाडं न देता.
आल्ताग्रासियानं वादळात पातेली दोरीनं बांधली,
आल्ताग्रासियानं कॅप्टनच्या ताटात मुद्दाम काटे ठेवले.
तिचं वय मी कधी विचारलं नाही.
म्हणजे रोज विचारलं,
पोळ्या लाटताना, पोळपाटाला.

कच्ची केळी जाड कापून तळतात,
माझ्या वरवंट्यानं चेपतात, पुन्हा तळतात.
दोनदा तळल्याशिवाय त्या देशात काही शिजतच नाही की काय.
रंग तेवढा जुळत नाही.
तिकडे शेंद्रीच्या बिया,
इकडे हळद आणि चिमूटभर काश्मिरी तिखट.
दर शुक्रवारी पातेल्यात डोकावून
हे जरासे खट्टू होतात.

मागच्या लेंटमध्ये तिचा फोन आला, व्हिडिओचा.
पडद्यावर एक म्हातारी,
केसांना गुलाबी रोलर, चष्मा दोरीला बांधलेला,
मागे कोंबडी खुर्चीवर.
ह्यांना 'सांतो' म्हणत होती.
शांतवन तिच्या जिभेवर बसेना,
म्हणून अर्धाच घेतला, आणि तिच्या बोलीत त्याचा संत झाला.
पाय न पुसता घरात येणारा संत. मला हसू फुटलं.

मग तिनं पातेलं फोनजवळ धरलं.
रस्सा काळा.
नारळाचा पांढरा कुठेच नाही.
मी तो रंग ओळखला,
दगडफूल, तीळ, जळता जळता वाचवलेलं खोबरं.
दरवर्षी ट्रंकेत किलोभर बांधून द्यायचे,
वाटायचं, परदेशी अन्नावर हे शिंपडून खातात बिचारे.
अर्धा तिलाच जात होता.

"सागुना," ती म्हणाली, "सागुना," पातेल्याकडे बोट करून.
ह्यांनी सांगितलं, रविवारी तिच्या घरी
त्या माशाला तुझंच नाव आहे.
आणि डबा संपलाय.

मी तेव्हा काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी गच्चीत मिरच्या टाकल्या,
शेजारच्या सुनंदाताईंना शिंका, मला डोळ्यांत पाणी,
ते मिरचीचंच होतं.

पोस्टातल्या मुलानं पुडकं तोललं.
आत काय? मसाला.
कुठे? सांगितलं.
त्यानं देशाचं नाव तीनदा खोडलं,
मग पेन माझ्याकडे दिलं, काकू, तुम्हीच लिहा.
मासा महाग नाही एवढा, जेवढं टपाल.

आज शुक्रवार. चर्चची घंटा होऊन गेली.
भात हे मुद्दाम बुडाशी लागू देतात,
तिकडे खरवडीवरून घराघरात भांडणं होतात म्हणे,
तिला नावही आहे, कोनकोन.
आमच्याकडे ती नेहमी ह्यांच्याच ताटात जाते,
ज्यानं रांधलं त्याचा हक्क, हा बोटीवरचा कायदा.

रंग आजही जुळलेला नाही.
हे पानं खुडायला कुंडीपाशी गेलेत.
भात लागल्याचा वास आला,
आणि उलथनं माझ्या हाताशी आहे.